'सत्तावीस' म्हटलं की मूल '७२' का लिहितं? दुसरीतल्या मुलाचा अभ्यास घरी घेताना पालकांना माहीत असायला हव्यात अशा गोष्टी

रात्रीचे साडेआठ वाजलेत. हार्बर लाइनच्या गर्दीतून सुटून बाबा पनवेल स्टेशनवरून घरी पोहोचलेत. आई एका हाताने कुकर बघतेय, दुसऱ्या हाताने वही. "लिही, सत्तावीस." मूल थोडा विचार करतं आणि लिहितं, ७२. "अरे, सत्तावीस सांगितलं ना!" मूल पुन्हा वहीकडे बघतं. त्याला खरंच कळत नाही की आपलं चुकलं कुठे. कारण त्याने ऐकलं तसंच लिहिलेलं असतं. आधी 'सत्ता', म्हणजे सात. मग 'वीस', म्हणजे दोन.

कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल किंवा जुन्या पनवेलमधल्या कितीतरी घरांत संध्याकाळी असं काहीतरी चालू असतं. दुसरीचा अभ्यास तसा सोपा वाटतो, पण तो घरी घेताना रडारड होते ती बऱ्याचदा मूल 'लक्ष देत नाही' म्हणून नाही. आई-बाबा ज्या पद्धतीने शिकले आणि शाळेत आज जे शिकवलं जातं, त्यात फरक असतो. काही वेळा अडचण भाषेतच असते. ती नेमकी कुठे आहे हे एकदा समजलं की अर्धा तास चालणारी ओढाताण पंधरा मिनिटांवर येते.

दुसरीत मुलाला नेमकं काय यायला हवं?

दुसरीतलं मूल साधारण सात ते आठ वर्षांचं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा 'पायाभूत स्तर' धरलाय. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली, दुसरी हा एकच टप्पा. या टप्प्यात अपेक्षा मोजक्या आहेत: समजून वाचता यावं, मनातलं थोडंफार लिहिता यावं आणि संख्यांशी मैत्री व्हावी.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणिताचा पाया पक्का यावा, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्यात दुसरीच्या शेवटी अपेक्षित असलेल्या काही गोष्टी अशा:

• वयाला साजेसा, आधी न पाहिलेला मजकूर मिनिटाला साधारण ४५ ते ६० शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचणं.
• ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं आणि लिहिणं.
• ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करणं.

शब्दांचा वेग ऐकून लगेच स्टॉपवॉच काढायची गरज नाही. मूल इतकं अडखळू नये की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरून जाईल, एवढाच त्याचा अर्थ.

याच इयत्तेवर एवढा भर का? देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात वाचनाची फूटपट्टी म्हणून दुसरीच्या पातळीचा उताराच वापरतात. २०२४ च्या अहवालानुसार सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच तो उतारा वाचता आला. दोन वर्षांपूर्वी हा आकडा १६.३ टक्के होता. म्हणजे सुधारणा आहे, पण तिसरीत गेलेल्या दर चार मुलांपैकी जेमतेम एकाला दुसरीचं वाचन येतं. तिसरीपासून मुलं परिसर अभ्यासासारखे विषय 'वाचून' शिकायला लागतात. वाचनच कच्चं असेल तर पुढचे सगळे विषय जड जातात.

'वीस सात' चा वाद काय होता?

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं आणि महाराष्ट्रभर चर्चा सुरू झाली. त्यात २१ ते ९९ या संख्या वाचण्याची आणखी एक पद्धत दिली होती. एकवीसला 'वीस एक', सत्तावीसला 'वीस सात', बावन्नला 'पन्नास दोन'. व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पूर आला. विधानसभेतही विषय गाजला. तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अजित पवारांनी मुख्यमंत्री फडणवीसांच्या आडनावावरून 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, असा चिमटा काढला.

गंमत अशी, की नव्या पद्धतीतही 'वीस' हा वीसच राहतो. बदल होता तो त्यापुढच्या संख्यांचा.

गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. सामान्य वाचकांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या, मुलांच्या मनातली गणिताची भीती जावी म्हणून आयुष्यभर धडपडणाऱ्या बाई (जुलै २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं). त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठी संख्यानामांत जोडाक्षरं खूप आहेत, आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलट आहे. लहान मुलांना, विशेषतः ज्यांच्या घरी शिकवायला कुणी नाही अशा मुलांना, त्यामुळे गणिताच्या दारातच ठेच लागते. जुनी नावं रद्द केलेली नाहीत, नवी पद्धत जोडीला दिली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही पूर्ण चुकीचा नव्हता. बाजारात, बसमध्ये, बँकेत लोक 'सत्तावीस' च म्हणणार. भाषेचा हा ठेवा मुलांनी गमवावा का, हा प्रश्न खराच आहे.

पण पालकांसाठी या वादातून एक कामाची गोष्ट हाती लागते: मुलाचं ७२ हे निष्काळजीपणातून आलेलं नाही, त्यामागे कारण आहे.

सत्तावीसचं बहात्तर होतं कसं?

मराठी संख्यानामं संस्कृतातून, प्राकृतमार्गे आली. संस्कृतमध्ये सत्तावीसला 'सप्तविंशति' म्हणतात, म्हणजे सात आधी, वीस नंतर. तोच क्रम मराठीत आणि हिंदीत राहिला. जर्मन भाषेतही सत्तावीसला 'सात आणि वीस' च म्हणतात. इंग्रजीत आणि कन्नड, तेलुगू, तमिळ या दक्षिणेकडच्या भाषांत मात्र आधी दशक, मग एकक. लिहितानाही आपण आधी दशक लिहितो. त्यामुळे मराठी मुलाला ऐकलेला क्रम मनात उलटवून मग लिहावा लागतो. मोठ्यांना याची इतकी सवय झालेली असते की ही कसरत जाणवतही नाही.

त्यात आणखी तीन अडचणी आहेत.

पहिली, दशकांची बदलती रूपं. 'पन्नास' माहीत असलेल्या मुलाला 'बावन्न' मध्ये पन्नास ऐकू येत नाही. 'सत्तर' चं 'बहात्तर' मध्ये 'हत्तर' होतं, 'साठ' चं 'बासष्ट' मध्ये 'सष्ट' आणि 'नव्वद' चं 'ब्याण्णव' मध्ये 'ण्णव'. इंग्रजीत वीसपर्यंतचे अंक आणि दशकांची नावं आली की पुढचं जोडत जाता येतं. मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं.

दुसरी, 'एकोण'. एकोण म्हणजे एक उणा. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी. मुलाला शेवटी 'तीस' ऐकू येतं, म्हणून ते ३९ लिहितं. 'एकोणसत्तर' ऐकलं की ७९ लिहितं. 'एकोण' चा अर्थ एकदा नीट सांगितला, की ही चूक बरीच कमी होते. अपवाद नव्व्याण्णवचा. तिथे 'एकोणशंभर' म्हणत नाहीत.

तिसरी, गोंधळात टाकणाऱ्या जोड्या. सदुसष्ट आणि शहात्तर, त्रेपन्न आणि पस्तीस, एकोणपन्नास आणि एकोणसाठ. यांचा वेगळा सराव लागतो.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा गोंधळ निराळा. शाळेत 'ट्वेंटी सेव्हन', घरी 'सत्तावीस', आणि भाजीवाल्याकडे हिंदीत 'सत्ताईस'. पनवेलसारख्या गावात तर मराठी, आगरी, हिंदी, गुजराती आणि दक्षिणेकडच्या भाषा एकाच इमारतीत नांदतात. अशा मुलाला मराठी आकडे येत नाहीत म्हणून हसण्यापेक्षा, दिवसातून चार आकडे दोन्ही भाषांत एकदम बोलून दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

गणित: वही उघडण्याआधी वस्तू हातात द्या

दशक आणि एकक ही कल्पना पक्की झाली की दुसरीचं बहुतेक गणित सुटतं. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही.

सगळ्यात चांगलं साहित्य म्हणजे दहाच्या नोटा आणि एकची नाणी. 'सत्तावीस रुपये दे' म्हटलं की मूल दोन नोटा आणि सात नाणी ठेवतं. मग विचारायचं, नोटा किती? दोन. नाणी किती? सात. आता लिही. या क्रमाने लिहिलं की ७२ होत नाही. इथे 'वीस सात' म्हणायला काहीच हरकत नाही. आधी 'वीस सात', लगेच पाठोपाठ 'म्हणजे सत्तावीस'. असं काही दिवस केलं की जुनं नावही बसतं आणि अर्थही.

नोटा नको असतील तर काडेपेटीतल्या काड्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या घ्या. दहा काड्यांना रबर लावला की झाला दशक. वजाबाकीसाठी हे फार उपयोगी आहे. ४२ मधून १७ वजा करताना मोठी माणसं म्हणतात, "दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या चारकडून एक उसना घे." मूल विचारतं, एकच घेतला तर दोनाचे बारा कसे झाले? प्रश्न अगदी बरोबर आहे. उसना घेतलेला 'एक' हा एक नसून दहा आहे. काड्यांची एक जुडी सोडली की मुलाला ते दिसतं: दहा सुट्या आणि दोन सुट्या, बारा. त्यातून सात काढल्या, राहिल्या पाच. तीन जुड्यांतून एक काढली, राहिल्या दोन. उत्तर २५. हे चार-पाच वेळा हाताने केल्यावर वहीतली मांडणी आपोआप कळायला लागते.

बाहेर पडल्यावरही सराव होतो:

• लोकलमध्ये: पनवेल, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स-दारावे, नेरूळ. 'खारघर कितवं स्टेशन? आपण मानसरोवरला आहोत, नेरूळला अजून किती स्टेशनं?' क्रमवाचक संख्या आणि मोजणी दोन्ही होतात.
• बाजारात: मेथीची जुडी वीसची, कोथिंबीर पंधराची. पन्नासची नोट दिली तर परत किती? उत्तर मुलाने काढेपर्यंत थांबायचं. भाजीवाल्यांनाही याचं कौतुक असतं.
• भिंतीवरच्या कॅलेंडरवर: आज मंगळवार, नऊ तारीख. पुढचा मंगळवार कोणत्या तारखेला? सात-सातने पुढे जाणं इथेच कळतं.
• रांगोळीत: चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके. एकूण किती? पाढे पाठ करण्याआधी गुणाकार म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसतं.

पाढे पाठ करू नयेत असं नाही. 'बे एके बे' ची लय मुलांना आवडते. पण 'पाच चोक वीस' म्हणणाऱ्या मुलाला चार पिशव्यांत पाच-पाच लिंबं असतील तर एकूण किती, हे सांगता आलं नाही, तर पाढा फक्त गाणं म्हणून राहतो.

वाचन: अडलं की लगेच शब्द सांगू नका

मूल वाचताना अडखळतं आणि पालक पटकन शब्द सांगून टाकतात. त्यामागे प्रेम आणि घाई दोन्ही असतात. पण यामुळे मूल अक्षरांकडे बघण्याऐवजी आईच्या तोंडाकडे बघायला शिकतं.

त्याऐवजी असं करून बघता येतं. मूल अडलं की मनात पाचपर्यंत मोजा. बऱ्याच वेळा ते स्वतःच वाचतं. नाहीच जमलं तर शब्दाचे तुकडे करायला मदत करा: 'पहिलं अक्षर काय? त्याला वेलांटी कुठली?' तरीही अडलं तर शब्द सांगा आणि पुढे चला. वाक्य संपल्यावर तेच वाक्य मुलाला पुन्हा एकदा सलग वाचू द्या. चुकीचा शब्द स्वतःहून दुरुस्त केला, तर तेवढ्यापुरती शाबासकी द्या: 'तू थांबून परत बघितलंस, छान.'

देवनागरीत मुलं कुठे अडतात, हे माहीत असलं की मदत नेमकी होते:

• ऱ्हस्व वेलांटी. 'कि' मध्ये वेलांटी आधी लिहिलेली दिसते, पण उच्चार नंतर होतो.
• सारखी दिसणारी अक्षरं: भ-म, घ-ध, थ-य, ब-व. 'ख' ला काही मुलं 'रव' वाचतात.
• 'र' ची रूपं. चंद्र, सूर्य, ट्रक आणि दुसऱ्या या चार शब्दांत 'र' चार वेगवेगळ्या वेशांत येतो. हे चार शब्द एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले तरी पुष्कळ काम होतं.

वाचून झाल्यावर 'काय वाचलंस?' एवढंच विचारलं तर मुलं खांदे उडवतात. 'तो कावळा असं का वागला असेल? तू असतास तर काय केलं असतंस?' असं विचारलं की गप्पा सुरू होतात आणि अर्थ कळला की नाही तेही समजतं.

पुस्तकं विकतच घ्यावी लागतात असं नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात. १९७१ पासून बालभारती काढत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे आहेत. ते दुसरीच्या मुलाला स्वतः वाचायला थोडे जड, पण आई-बाबांनी वाचून दाखवायला उत्तम. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' वर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत मिळतात. पनवेलमध्ये के. गो. लिमये वाचनालयासारखं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. मुलाला बरोबर घेऊन जाणं आणि पुस्तक त्याचं त्याला निवडू देणं, हाही अभ्यासच.

मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून त्याला वाचून दाखवणं बंद करू नये. सात वर्षांच्या मुलाला वाचता येतं त्यापेक्षा ऐकून खूप जास्त समजतं. नवे शब्द त्याच वाटेने येतात.

लेखन: 'श' आणि 'ल' वरून भांडण नको

वहीत मुलाने लिहिलेला 'श' किंवा 'ल' पालकांना 'विचित्र' वाटतो आणि ते खोडून आपल्या पद्धतीने लिहायला लावतात. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई पुन्हा बदलायला सांगतात. मधल्या मध्ये मुलाची पंचाईत. याचं कारण असं, की ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी प्रमाण अक्षरं ठरवून दिली. त्यात देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' आहे. आधीच्या काळात शाळा शिकलेल्या किंवा फोनवर हिंदी वळणाची अक्षरं बघायची सवय झालेल्या पालकांना ती वेगळी वाटू शकतात. अशा वेळी पाठ्यपुस्तकातलं अक्षर प्रमाण मानावं.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं हा जुना उपाय. त्यात तिसऱ्या ओळीनंतर हात चालतो, डोकं थांबतं. त्यापेक्षा शब्द नीट बघायचा, झाकायचा, न बघता लिहायचा आणि मग उघडून ताडून बघायचा. आज दोनदा, उद्या एकदा, चार दिवसांनी एकदा. आठवून लिहिलेलं जास्त टिकतं.

लिहायला कारण असलं की मुलं आनंदाने लिहितात. किराणा मालाची यादी, आजीला चिठ्ठी, कर्नाळ्याच्या अभयारण्यात दिसलेल्या पक्ष्यांची नावं. अशा लेखनातली प्रत्येक चूक लाल पेनने दाखवू नये. एका वेळी एकच गोष्ट सुधारावी.

घरची बोली ही चूक नव्हे

पनवेल परिसरातल्या अनेक घरांत आगरी बोलतात. मूल घरी 'पानी' म्हणतं आणि पुस्तकात 'पाणी' असतं. मग ते वहीतही 'पानी' लिहितं. 'नीट बोल' म्हणून दटावलं की मूल हळूहळू बोलणंच कमी करतं. त्यापेक्षा सरळ सांगावं: घरी आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात. दोन्ही तुला यायला हवं. मुलं हा फरक सहज पकडतात. गोष्ट, विनोद, भांडणाची हकीकत घरच्या बोलीत सांगू द्यावी. विचार मांडण्याची सवय जिथे शब्द सहज सुचतात तिथेच लागते.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या पालकांनाही हेच लागू आहे. स्वतःला येत नसताना घरी तुटक इंग्रजी बोलण्यापेक्षा मराठीत भरपूर, नीट गप्पा मारणं मुलाच्या फायद्याचं असतं. धड्यातली कल्पना मराठीत समजली, की इंग्रजी शब्द त्यावर चिकटवणं सोपं जातं.

दुसरीला गृहपाठ किती असावा?

हे वाचून अनेक पालकांना आश्चर्य वाटेल. केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये. त्याऐवजी मुलांनी संध्याकाळ कशी घालवली, काय खेळले, काय खाल्लं, हे वर्गात सांगावं, असं त्यात सुचवलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोच्या दरम्यान असावं, असंही त्यात आहे. याआधी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीला गृहपाठ नको, असा आदेश दिला होता.

प्रत्यक्षात अनेक शाळा गृहपाठ देतात आणि अनेक पालकही तो मागतात. शाळेने दिलेला गृहपाठ टाळावा असं नाही. पण तो रोज तासाहून जास्त वेळ खात असेल, तर शाळेशी बोलण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. आणि गृहपाठ नसलेल्या दिवशी 'मग आणखी दोन पानं लिही' म्हणायची गरज नाही.

झोपेचाही अभ्यासाशी थेट संबंध आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हेच कारण होतं. रात्री अकराला पूर्ण केलेला गृहपाठ सकाळी वर्गात पेंगणाऱ्या मुलाच्या काही कामाचा नसतो.

आठ वाजता घरी पोहोचणाऱ्या पालकांनी काय करावं?

मुंबईला नोकरी करणाऱ्या पनवेलकरांचे रोजचे तीन तास सहज प्रवासात जातात. त्यांच्यासाठी एक साधी आखणी:

• ५ मिनिटं गप्पा. 'आज काय शिकवलं?' ऐवजी 'आज वर्गात कोण हसलं? कशावरून?' असा प्रश्न.
• १० मिनिटं एकच काम. एक दिवस गणित, एक दिवस लेखन.
• ५ मिनिटं मुलाने वाचायचं.
• झोपताना ५ ते १० मिनिटं मोठ्यांनी वाचून दाखवायचं किंवा गोष्ट सांगायची.

एवढंच, पण शक्यतो रोज. रविवारी तीन तास बसवण्यापेक्षा रोजची पंचवीस-तीस मिनिटं जास्त उपयोगाची. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, मुलाचाही आणि मोठ्यांचाही. रडणं सुरू झालं की अभ्यास तिथेच थांबवावा. रडत असताना शिकलेलं राहत नाही, अभ्यासाची भीती मात्र राहते.

घरी आजी-आजोबा असतील तर संध्याकाळचं काम त्यांच्याकडे सोपवता येतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही 'मला वाचून दाखव रे' म्हणता येतं, आणि मुलाला त्यापेक्षा चांगला श्रोता मिळणार नाही.

शाळेशी बोलताना काय विचारावं?

'आमचा मुलगा कसा आहे?' या प्रश्नाला 'चांगला आहे, थोडा बडबड करतो' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारावं. तो कोणत्या प्रकारचे शब्द वाचताना अडतो? दशक-एकक कळलंय का? वजाबाकी कोणत्या पद्धतीने शिकवता? आम्ही घरी कोणती एक गोष्ट घ्यावी? वजाबाकीची पद्धत विचारणं विशेष महत्त्वाचं, म्हणजे घरी आणि शाळेत दोन वेगळे रस्ते होत नाहीत.

सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. निपुण अभियानात राज्यात माता-पालक गटही तयार केले गेले. आजूबाजूच्या आया एकत्र येऊन मुलांकडून घरगुती वस्तूंनी सराव करून घेतात. शाळेत असा गट आहे का, हे विचारून बघावं.

काळजी कधी करावी?

दुसरीच्या पहिल्या सत्रात अक्षरं उलटी काढणं, आकड्यांची अदलाबदल होणं हे बऱ्याच मुलांत दिसतं आणि सरावाने जातं. पण नियमित मदत करूनही काही महिन्यांत फरक पडत नसेल, मूळाक्षरं ओळखताच येत नसतील, मूल तोंडी सगळं सांगतं पण लिहायला-वाचायला सतत टाळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळ्यावरचं दिसत नाही हे अनेक मुलांना सांगताच येत नाही, कारण इतरांना ते दिसतं हेच त्यांना माहीत नसतं.

त्यानंतर शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान सहसा आठ वर्षांच्या आसपास किंवा त्यानंतर होतं, पण मदत त्याआधीही सुरू करता येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अशा अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे पुढे शाळेत आणि परीक्षेत सवलती मिळू शकतात. 'आळशी' किंवा 'ढ' हा शिक्का मात्र घरात कुणीही मारू नये.

आणि आज रात्री पुन्हा '७२' आलंच, तर खोडरबर शोधू नका. दहाच्या दोन नोटा आणि सात नाणी टेबलावर ठेवा आणि मुलालाच मोजायला सांगा.